उजव्या हातावरचे ठिपके

३ मार्च

प्रिय ताई,

आधी माझा नमस्कार घे, मग हवा तेवढा राग काढ. भावोजींनाही नमस्कार सांग आणि टिल्लूला माझ्याकडून लाडाचा एक धपाटा दे. तुझी पत्रं माझ्या टेबलावर पडून आहेत आणि मी एकालाही उत्तर दिलेलं नाही. शेवटच्या पत्रात तू लिहिलंस, "माझी मुलगी तुला जड होणार असेल तर तसं सरळ सांग." वाचून मला रडू आलं आणि तुझा रागही आला. टिल्लू मला कशी जड होईल गं? जन्मली तेव्हा तुझ्याआधी मी तिला मांडीवर घेतलंय.

इकडे बाकी सगळं ठीक. बाइंडिंगचं काम भरपूर आहे. वाचनालयातून जुन्या पुस्तकांचा ढीग आलाय, हात लावला की पानं खाली. खिडकीची काच अजून बसवलेली नाही, पुठ्ठा लावून भागवतेय. बाइंडरच्या घरात पुठ्ठ्याला काय तोटा!

आता मुद्द्यावर यायला हवं, पण त्याआधी माझ्या नखांची गोष्ट ऐक. हसू नकोस.

थंडीच्या सुरुवातीला माझ्या नखांवर पांढरे ठिपके दिसायला लागले. मला वाटलं, चिकटवायची खळ लागली असेल. घासले, धुतले, जाईनात. घरमालकीण म्हणाली, "कॅल्शियम कमी पडलंय तुला, दूध पी." प्याले. कागद कापायच्या मशीनवरचा आमचा म्हातारा म्हणाला, "पोटात जंत असणार." त्यावरची गोळीही घेतली. मग कुणी तरी लिंबू चोळायला सांगितलं. कागदाने चिरलेल्या बोटांना लिंबू लावल्यावर काय होतं, याची तू कल्पनाच कर. एवढं करूनही जुने ठिपके वर सरकत होते आणि खालून नवे येत होते.

मग एकदा आंघोळ करताना पायांकडे लक्ष गेलं. दोन्ही अंगठ्यांवर तेच! तेव्हा मात्र माझं धाबं दणाणलं. हातांना काही ना काही लागत असतं, पण पायांनी काही मी पुस्तकं बांधत नाही. म्हणजे हे आतूनच येतंय, असं मी ठरवून टाकलं.

मला कोण आठवलं ते तुला कळलंच असेल. बाबांच्या नखांवर हेच ठिपके होते, आणि पुढच्या वर्षी लिव्हरच्या आजाराने ते गेले.

"जागा लहान पडेल, टिल्लूला पाठवू नकोस" असं मी तुला लिहिलं, ते त्याच आठवड्यात. जागेचं कारण खोटं होतं. पोरगी कॉलेजसाठी येणार आणि माझी औषधं नि पथ्यं सांभाळत बसणार, हे मला बघवलं नसतं. आपण दोघींनी बाबांचं जे केलं, ते तिच्या वाट्याला नको होतं. आणि तुला खरं सांगितलं असतं तर तू मिळेल त्या गाडीने धावत आली असतीस.

डॉक्टरकडे मी गेलेच नसते. घरमालकिणीने अक्षरशः हाताला धरून नेलं. त्वचेच्या डॉक्टर, बाई आहेत, माझ्याच वयाच्या. त्यांनी विचारलं, "काम काय करता?"

"बाइंडर आहे."

"म्हणजे हाताने नक्की काय करता? करून दाखवा बघू."

त्यांच्या टेबलावर केसपेपरचा गठ्ठा होता. मी तो डाव्या हातात आवळून उभा धरला आणि कडा सारख्या करायला बाबांनी शिकवलं तसा ठोकला. उजवी बोटं थोडी दुमडायची आणि नखांच्या मुळाकडच्या भागाने धाडधाड मारायचं. बाकीचे बाइंडर लाकडी हातोडी वापरतात. बाबा म्हणायचे, "हातोडीला कागद कळत नाही." म्हणून आपल्याकडे सगळं हातानेच.

"अहो थांबा, थांबा!" डॉक्टर हसायलाच लागल्या. "मार कुठे बसतोय बघा."

नख म्हणे कातडीखाली, मुळाशी तयार होतं. तिथे सारखा बारीक मार बसला की तेवढा भाग पांढरा होतो आणि नखाबरोबर पुढे सरकतो. त्यांनी माझा डावा हात समोर धरला, त्यावर एकही ठिपका नव्हता. इतके दिवस मी नखं न्याहाळतेय, पण हे काही माझ्या डोक्यात शिरलं नाही. मग पाय बघितले. नख खरवडून तपासलं, बुरशी नाही निघाली. दोष सेलमध्ये घेतलेल्या त्या घट्ट बुटांचा. बोटं आखडून चालत होते, पण स्वस्तात मिळाले म्हणून कौतुक!

औषध काय, तर काही नाही. हाताने ठोकणं बंद, बूट मोठे, आणि नख वाढेल तसं कापत जायचं. पायाचं नख हळू वाढतं, तिथे वर्ष-दीड वर्ष धीर धरावा लागेल. माझ्या समाधानासाठी त्यांनी रक्तही तपासलं. लिव्हर उत्तम, सगळं उत्तम. रिपोर्ट हातात घेऊन मी दवाखान्याच्या जिन्यात बसले आणि एकटीच हसत सुटले. घरमालकीण म्हणाली, "आता डोक्याचा डॉक्टर बघायचा का?" मला इतकं हलकं कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

पण दवाखान्यातून निघण्याआधी मी डॉक्टरांना बाबांबद्दल विचारून घेतलं होतं. त्या म्हणाल्या, "लिव्हरच्या दुखण्यात नख बदललंच, तर जवळजवळ सगळंच पांढरं फटक पडतं. असे ठिपके नाही. तुम्ही सांगताय ते त्यांच्या कामाचेच असणार."

ताई, बाबांची खोली आवरताना तू मला म्हणाली होतीस, "आदल्या वर्षी जेवताना त्यांनी पाण्याचा पेला उचलला तेव्हाच मी ते ठिपके पाहिले होते गं. उजव्या हातावर. तेव्हाच डॉक्टरकडे नेलं असतं तर?" त्यानंतर आपण दोघींनी तो विषय कधी काढला नाही. पण तू तो मनातून काढलेला नाहीस, हे मला माहीत आहे. तुझ्या त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर आज आहे. तू पाहिलास तो आजार नव्हता, ते त्यांचं काम होतं. तुझ्या हातून काहीही निसटलं नव्हतं.

टिल्लूला पाठव. पलंग खिडकीपासून लांब सरकवून ठेवलाय. आणि तिला सोडायला तू स्वतः ये. आल्यावर माझ्या गळ्यात पडून पोटभर रड, भांडायचं असेल तर भांड. पण आज हे पत्र वाचून शांत झोप.

तुझी,
अगदी धडधाकट,
बारकी