तुटणारा सा

तीर्थरूप अक्कास धाकट्याचा नमस्कार.

पत्राला फार उशीर झाला, रागावू नकोस. फोनवर बोलायला तोंड नव्हतं. मी बरा आहे, सूनबाई नीट बघते. तुझे गुडघे कसे आहेत?

गेल्या महिन्यात ऑनलाइन शिकवणीत तुझ्या नातीचा लांबवलेला सा सारखा तुटत होता. मी सगळ्या मुलींसमोर ओरडलो, "दम नसेल तर गाऊ नकोस!" पोर उठून गेली. त्यानंतर माझा फोनही घेत नाही.

परवा मी सा लावून दाखवला, तर मुली हसल्या. "गुरुजी, तुमचाही दम संपला?" मी घाबरून वायर बदलली, पंखा बंद केला. शेवटी सूनबाईने सांगितलं, "बाबा, कॉम्प्युटर स्थिर सुराला पंख्याची घरघर समजून गाळतोय." तिने ती सोय बंद केली आणि माझा सा नीट पोचला.

बाकीच्या मुलींचे सूर हलतात, म्हणून ते पोचत होते गं. हिचाच तेवढा स्थिर होता.

तिच्या फोनमधली ती सोय बंद करून घे. मंगळवारी सगळ्यांसमोर मी तिची माफी मागणार आहे. तिने गाणं सोडलं तर नाही ना? जे असेल ते लगेच कळव, जीव थाऱ्यावर नाही.

तुझा,
धाकटा