वकिलातीतून आलेला फोन

३ जून

तीर्थरूप बाबांस,
ठकूचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर आपलं भांडण होतं म्हणून पत्राचं ठरलं, आणि पत्रात इंग्रजी शब्द चालणार नाहीत ही तुमची अट. तेव्हा हे सगळं शब्दकोश मांडीवर घेऊन लिहिते आहे.

जागतिक अध्ययनाची पदवी हातात येऊन वर्ष होत आलं. महाविद्यालयातल्या मार्गदर्शक बाई अजूनही म्हणतात की तुमच्या विषयाला सगळी दारं उघडी आहेत. असतीलही. प्रत्येक दाराशी अनुभव मागतात आणि अनुभवासाठी आत कुणी घेत नाही. मदतसंस्थांना फुकट राबणारी माणसं हवीत. निर्यातवाल्या साहेबांनी विचारलं, हिशेब येतो का. वर्तमानपत्रात विचारलं, आजवर काय छापून आलंय. वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी प्रवासाचे विमे विकते आहे. तेच तेच अर्ज लिहून मी इतकी वैतागले आहे की खोलीतल्या मैत्रिणीवर उगीच खेकसते.

एक आशा आहे. वकिलातीत मुलाखत झाली, बरी झाली. दुसऱ्या फेरीला बोलावलं तर काम मिळाल्यात जमा. माझा फोन अधूनमधून मान टाकतो, म्हणून घरचाही क्रमांक दिला आहे. आईला म्हणावं, गुडघा सांभाळ.

कळावे, आणि मुख्य म्हणजे न रागावता कळावे.
तुमची ठकू

११ जून

चि. ठकूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

जगाचा अभ्यास करून माणूस शेवटी होतो कोण, हे मी किती दिवस विचारत होतो आणि तू माझ्यावर चिडत होतीस. आता कसं सरळ सांगितलंस, वकिलात. हातातलं शिवण बाजूला ठेवून दुकानात सगळ्यांना चहा पाजला.

पण वकिलीच करायची तर परक्या गावात खोली घेऊन कशाला? माझ्याकडे कोट शिवणारे वकीलसाहेब तुला आठवतात ना, पोट वाढलं तरी जुन्याच मापाचा हट्ट धरणारे? त्यांनी एक तारखेपासून तुझ्यासाठी खुर्ची ठेवली आहे. तुझा काळा कोटही मी कापायला घेतला.

काल तुझ्या त्या वकिलातीतून एका बाईंचा फोन आला. तुझा लागत नव्हता म्हणे. गुरुवारी दुसऱ्या फेरीला पाठवा म्हणाल्या. मी अगदी नम्रपणे सांगितलं की मुलीचं आमच्या ओळखीच्या वकिलांकडे पक्कं झालंय, ही जागा कुणा गरजूला द्या. बाई भल्या वाटल्या, शुभेच्छा दिल्या. आता सामान आवरायला घे. आईचा गुडघा बरा आहे, जीभ त्याहून बरी आहे.

तब्येतीला जप, आम्हाला विसरू नकोस.
तुझे बाबा

१५ जून

ती. बाबांस,
सा. न. पुढचं वि. वि. लिहायची आज इच्छा नाही.

वकिलात म्हणजे वकिलाचं ऑफिस नव्हे. एम्बसी, बाबा, एम्बसी. दुसऱ्या देशाचं सरकार आपल्याकडे कचेरी उघडतं ती. तुमचं पत्र हातात पडलं तोवर शुक्रवार उजाडला होता. मी लगेच फोन केला. त्या बाई म्हणाल्या, घरूनच नकार आला, म्हणून दुसऱ्या उमेदवाराला बोलावलं आणि घेतलं.

वर्षभर चपला झिजवल्यावर एक दार किलकिलं झालं होतं, ते तुम्ही घरबसल्या लावून टाकलंत. मला विचारलंसुद्धा नाहीत. माझा नुसता तिळपापड झाला आहे, आणि धड तुमच्यावर ओरडताही येत नाही, कारण तो शब्द मीच शोधून काढला. वकीलसाहेबांना सांगा, त्यांची खुर्ची मला नको.

ठकू

१९ जून

चि. ठकूस आशीर्वाद.

एम्बसी लिहिलं असतंस तर कळलं असतं गं. पण इंग्रजी नको ही अट माझीच, तेव्हा मला बोलायला तोंड नाही.

त्या बाईंना फोन केला. चूक माझी, मुलीची नाही, असं पुन्हा पुन्हा सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, पण जागा गेली ती गेलीच. मशीनवर बसलो की सुई मोडते. आई बोलत नाही, ताट वाढते आणि आत जाते.

एक विचारतो, चिडू नकोस. लोक विचारतात, मुलगी काय शिकली. मी म्हणतो, जग. ते हसतात, मीही हसतो. तू नेमकं काय काम करणार, ते मला समजेल असं चार ओळींत लिही. मी पाठ करीन. पुन्हा कुणाचा फोन आला तर निदान तेवढं नीट सांगेन.

पत्र मात्र बंद करू नकोस.
तुझे बाबा

२७ जून

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

चार ओळींना आठवडा लागला. पहिल्यांदा लिहिलं ते सगळं पुस्तकातलं होतं, फाडलं. दुसऱ्यांदाही तेच झालं. मग लक्षात आलं. वकिलातीतल्या मुलाखतीत त्यांनीही हेच विचारलं होतं, आणि मी हेच पुस्तकातलं घडाघडा बोलून आले होते. त्या मुलाखतीतच नाही, सगळ्यांतच. स्वतःचा इतका राग मला कधी आला नव्हता.

आता पाठ करा. एका देशातला माणूस एक बोलतो, दुसऱ्या देशातला भलतंच समजतो. दोघांच्याही मनात वाईट काही नसतं, आणि तिसऱ्याच कुणाचं तरी नुकसान होतं. तिथे मध्ये बसून दोघांना नीट समजावून सांगणारं माणूस लागतं. ते काम मला करायचं आहे.

माझा राग अजून गेलेला नाही. परवा एका संस्थेत अर्ज टाकला. परदेशातून नव्याने आलेल्या कुटुंबांना घर, शाळा, दवाखाना शोधून देतात तिथे. काम मिळेल असं वाटत नाही. पण घरचाच नंबर दिला आहे. फोन आला तर तुम्हीच उचला.

लोभ आहेच, रागासकट तसाच राहू द्यावा.
तुमची ठकू