बटनची रंगीत तालीम

फिंडले, ओहायो
२८ जुलै

प्रिय लायल,

तुझ्या बहिणीच्या नवऱ्याचा कमरेपर्यंत वाकून नमस्कार (त्याखाली वाकलो तर उठवायला माणूस लागतो). इकडे आम्ही सगळे जिवंत आहोत, आणि ओहायोतल्या जुलैचा उकाडा पाहता याहून जास्त अपेक्षा कुणी करू नये. तुझा गुडघा कसा आहे? मासळीच्या धक्क्यावर दिवसभर ओलाव्यात उभं राहून तो बरा व्हायचा नाही, असं मॅरिबेथ म्हणते. मी नुसता निरोप्या. इंग्रिडबाईंना माझा नमस्कार सांग. सेहेचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा लग्न करणाऱ्या माणसाला उपदेश करू नये म्हणतात, म्हणून करत नाही. तुम्हां दोघांचं उत्तम होवो. तुमच्याकडे पाऊस थांबला का? (तो थांबत नाही हे मला ठाऊक आहे. बावीस वर्षं शाळेत भूगोल शिकवतोय. पण विचारायची रीत असते.)

पत्रास कारण तुझ्या मातोश्री. जावई सासूबद्दल चार पानं लिहितो म्हटलं की वाचणारा तक्रारीच्या तयारीनं बसतो. तसं काही नाही. प्रवासातलं आपल्याला कळतं असा जो माझा समज होता, तो त्यांनी सात आठवड्यांत धुऊन, पिळून वाळत घातला, आणि मी त्यांना कोपरापासून हात जोडले, तेही अगदी मनापासून. झालं असं. जूनमधल्या एका रविवारी आम्ही जेवत होतो. मक्याची कणसं अर्धीअधिक संपली होती. एवढ्यात आईंनी हात पुसले आणि जाहीर केलं की नऊ ऑगस्टला आपण सगळ्यांनी मोटारीनं तुमच्याकडच्या पश्चिम किनाऱ्यापर्यंत जायचं. बटनसकट. जवळजवळ अडीच हजार मैल! मॅरिबेथ म्हणाली, "आई, विमानानं जाऊ या. बटनएवढ्या कुत्र्याला सीटखाली ठेवू देतात."

"सीटखाली डबा ठेवतात," आई म्हणाल्या.

"अगं, तो कुत्रा आहे."

"हळू बोल. तो इथेच बसलाय."

तू बटनला पाहिलेलं नाहीस. वजन साडेचार किलो, त्यातला अर्धा किलो कान. त्याची आई चिवावा जातीची, बाप कोण ते गुलदस्त्यात. चार वर्षांपूर्वी आई आमच्याकडे राहायला आल्या, त्याच आठवड्यात हा त्यांना पेट्रोल पंपाच्या मागे सापडला, आणि तेव्हापासून घरात त्याचा शब्द माझ्या शब्दाच्या वर आहे. हा प्राणी गाडीत बसला की बरोबर अकराव्या मिनिटाला ओकतो. घड्याळ लावून घ्यावं. आमच्या घरापासून अकरा मिनिटांवर धान्याचं कोठार लागतं, ते आलं की तो ओकतो, आणि ओकतो ते माझ्या बुटांवर. दुसऱ्या कुणाच्या नाही. अकरा मिनिटांचा हा गडी पाच दिवस गाडीत कसा काढणार, हा पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न आमच्या हेझेलचा. ती यंदा चौदाची झाली. तिनं सांगितलं की कुटुंबाबरोबर पाच दिवस एका गाडीत बसण्यापेक्षा ती कोठारात राहील.

मी माझ्या परीनं कामाला लागलो. नऊ पानांचा तक्ता केला. राज्यवार रंग (नेब्रास्का पिवळा), रोजचे मैल, उतरायची ठिकाणं, पर्जन्यमान, समुद्रसपाटीपासूनची उंची. आईंनी चष्मा लावला, नऊच्या नऊ पानं वाचली आणि शांतपणे विचारलं, "यात मुतायचं कुठे लिहिलंयस?" मी म्हणालो, "कुणी?" त्या म्हणाल्या, "कुणीही." लायल, ज्या बाईनं एकतीस वर्षं स्कूलबस चालवली, रोज साठ पोरं नेली नि आणली, एकही कधी रस्त्यात विसरली नाही, त्या बाईला समुद्रसपाटी दाखवणाऱ्याची लायकी तेवढ्या एका प्रश्नात कळली. तो तक्ता आता बटनच्या पाण्याच्या वाडग्याखाली असतो. (जाड कागद आहे, टिपतो छान.)

मग सुरू झाली आईंची पद्धत. पहिला आठवडा गाडी सुरू करायचीच नाही. रोज संध्याकाळी पाच ते सहा आम्ही चौघं आणि बटन, पट्टे लावून, घरासमोर उभ्या गाडीत बसायचो. कुणी उतरायचं नाही, भांडायचं असेल तर खालच्या आवाजात. तिसऱ्या दिवशी शेजारच्या डेल्मरला राहवलं नाही. काचेवर टकटक करून म्हणाला, "किल्ली हरवली का?" आई समोर बघत म्हणाल्या, "नाही. आम्ही नेब्रास्कात आहोत." डेल्मर "बरं बरं" म्हणत मागच्या पावली गेला, आणि तेव्हापासून आमच्याकडे टोमॅटो पाठवतो. गेल्या तीन महिन्यांत एकदाही न हसलेली हेझेल त्या वाक्यावर खळखळून हसली, आणि दुसऱ्या दिवशी आजीच्या आधी जाऊन गाडीत बसली. हे मी मुद्दाम लिहितोय. चौदा वर्षांच्या मुलीला हसवणं हे अडीच हजार मैलांपेक्षा अवघड काम आहे.

दुसऱ्या आठवड्यात इंजिन सुरू, गाडी जागेवर. तिसऱ्या आठवड्यात कोठारापर्यंत, आणि अकराव्या मिनिटाला माझे बूट. मी जनावरांच्या डॉक्टरांकडून आल्याच्या वड्या आणल्या. त्या बटननं हुंगून सोडून दिल्या. कुत्र्यांना शांत करणारं वीणेसारखं काहीसं संगीत मिळवलं. त्यानं बटन टक्क जागा राहिला आणि मला डुलकी लागली. आईंनी दोन दिवस हे नुसतं पाहिलं. तिसऱ्या दिवशी, ऐक हं, शहात्तर वर्षांची बाई, बटन जिथे बसतो तिथे, मागच्या सीटपुढे गाडीच्या तळाशी उकिडवी बसली आणि मॅरिबेथला म्हणाली, "चालव." आम्ही नको नको म्हणत होतो. कोठार आलं तशा त्या पांढऱ्याफटक चेहऱ्यानं वर आल्या. "कळलं," म्हणाल्या. "त्या बिचाऱ्याला बाहेरचं काही दिसतच नाही. तिथून नुसते नॉर्बर्टचे बूट दिसतात. कुणालाही ओकारी येईल."

त्याच संध्याकाळी त्यांनी कपड्यांची टोपली घेतली, तळाशी न्हाणीघरातलं पायपुसणं घातलं आणि ती खिडकीच्या उंचीवर सीटला अशी काही बांधली की तेवढी घट्ट माझी नोकरीसुद्धा नाही. बटन टोपलीत बसला. रस्ता पाहिला, गाई पाहिल्या, कोठार पाहिलं. बारावं मिनिट गेलं, तेरावं गेलं. मॅरिबेथला रडू आलं. (माझ्या बुटांसाठी नव्हे, असं तिनं नंतर स्पष्ट केलं.)

मग परवाच्या शनिवारी रंगीत तालीम. सगळं सामान भरून शेजारच्या इंडियाना राज्यात एकशेवीस मैल जायचं आणि परत यायचं. स्टिअरिंगवर आई, शेजारी रस्ता सांगायला मी. मी एक जवळचा रस्ता सांगितला. तो नकाशात जवळचाच आहे, पण त्यावरच्या छोट्या गावात त्या दिवशी जत्रेची मिरवणूक आहे हे नकाशात नसतं. आम्ही पुढे अकरा ट्रॅक्टर आणि मागे शाळेचा बँड यांच्यामध्ये सापडलो. मागे फिरता येईना, बाजूला होता येईना. मी सीटमध्ये घसरत खाली गेलो. आईंनी मात्र काच खाली केली, ताशी पाच मैलांवर गाडी धरली आणि दुतर्फा लोकांना हात करू लागल्या. मिरवणुकीतल्या गाड्यांवरून गोळ्या वाटतात, पोरं हात पसरून उभी. तेव्हा सात राज्यांना पुरतील म्हणून मी घेतलेली सगळी कॅरमेलं त्यांनी हेझेलकरवी वाटून टाकली. बटन टोपलीत असा बसला होता की मिरवणूक त्याच्याचसाठी आहे. लोक टाळ्या वाजवत होते. "हसा सगळे," आई दातांमधून म्हणाल्या, "नाहीतर चुकून आलोय हे कळेल."

इथपर्यंत गंमत. पुढचा दोष माझा. गावाबाहेर पडल्यावर बटनला मोकळं व्हायला मी खाली उतरवलं, आणि गळ्यातला पट्टा त्याला काचतो असं वाटून एक भोक सैल केला. तेवढ्यात मागून येणाऱ्या बँडचा मोठा ढोल वाजला. पट्टा माझ्या हातात राहिला आणि बटन मक्याच्या शेतात. पुरुषभर उंच मका, नजर पोचेल तिथपर्यंत, आणि त्यात साडेचार किलोचं कुत्रं! हेझेल किंचाळली. मॅरिबेथ एका बाजूनं हाका मारत धावली. मी सरळ आत घुसलो. दिशा चुकली तर सूर्याकडे बघावं असं मी पोरांना शिकवतो. सूर्य ढगात होता. दहा मिनिटांत बटन कुठे आहे ते मला ठाऊक नव्हतं आणि मी कुठे आहे तेही.

पुढचं मला हेझेलनं सांगितलं. आईंनी सगळ्यांना गप्प केलं. रस्त्याच्या कडेला दुमडती खुर्ची टाकली, शेताकडे पाठ करून बसल्या, हॅमच्या सँडविचचा कागद काढला आणि ते खाऊ लागल्या. हेझेल रडत म्हणाली, "आजी, अगं शोध ना त्याला!" त्या म्हणाल्या, "पळणाऱ्याच्या मागे लागलं की तो आणखी पळतो. आपण इथेच आहोत एवढं त्याला कळू दे." आणि मग दर पाच मिनिटांनी, एकतीस वर्षं पोरांना ऐकवलेलं तेच वाक्य, तेवढ्याच खणखणीत आवाजात: "बसायचं तर बसा, मी निघतेय!" आणि जागच्या हलायच्या नाहीत. चाळीस मिनिटं गेली. शेवटी कणसाचे केस कानाला चिकटलेले, असा बटन मक्यातून बाहेर आला आणि त्यांच्या बुटाशी बसला. त्यांनी त्याला झडप घालून धरलं नाही. आधी हॅम दिलं, मग उचललं. नंतर माझ्यासाठी दोनदा हॉर्न वाजवला. मी पाव मैल पलीकडून निघालो. हॅम संपलं होतं.

आई गाडीत बसल्या, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले, आणि किल्ली फिरवलीच नाही. बराच वेळ. मग मॅरिबेथला म्हणाल्या, "जरा तू घे गं." ही बाई अर्ध्या रस्त्यात स्टिअरिंग सोडताना मी पहिल्यांदाच पाहिली. त्या मागे टोपलीशेजारी बसल्या. येताना एकशेवीस मैल बटन खिडकीतून बघत होता; ओकला नाही, कण्हला नाही, फिंडलेची पाटी आली तेव्हा झोपला होता. आई कुणाकडेही न बघता म्हणाल्या, "झेपलं त्याला." थोड्या वेळानं पुन्हा एकदा म्हणाल्या.

असं सगळं आहे. गुडघ्याला शेक दे. इंग्रिडबाईंना पुन्हा नमस्कार.

तुझा,
नॉर्बर्ट

ता. क. : खरं काम आता सांगतो. जूनमध्ये तू आईंना जे कार्ड पाठवलंस, ते त्यांच्या पर्समध्ये असतं. मी ते पाहिलं. "सोळा ऑगस्टला लग्न आहे. अगदी छोटंसंच करतोय. तू उगाच एवढी दगदग करू नकोस, आणि बटनलाही इतका प्रवास झेपणार नाही. फोटो पाठवतो." तुझ्या मनात काय होतं ते तू जाण, बहुतेक काळजीच असेल. पण त्या कार्डात 'ये' कुठेच नाही. दुसरी कुणी आई असती तर रुसून बसली असती. या बाईंनी त्यात दुरुस्त करता येण्यासारखं एकच वाक्य शोधलं, बटनचं, आणि सात आठवडे ते दुरुस्त करत बसल्या. आमंत्रणाबद्दल विचारलं तर म्हणतात, "बोलावल्याशिवाय मी कुणाच्या दारात जात नाही. सोळा तारखेला किनाऱ्यावर गाडी लावू, बटनला समुद्र दाखवू आणि परत येऊ." लायल, फोन कर. नऊ तारखेच्या आत कर.

दुसरा ता. क. : मी हे लिहिलं हे त्यांना कळता कामा नये. त्यांना कीव केलेली खपत नाही.

तिसरा ता. क. : लायल, हे अक्षर माझं आहे. तुझा मेहुणा गुपचूप पत्र लिहितो आणि टपालाचं तिकीट मागायला माझ्याकडेच येतो. माणूस सोन्यासारखा आहे, पण भूगोलाबाहेर पाठवू नये. पत्र वाचलं. इंडियानात मी तेवढी काही घाबरले नव्हते, हा वाढवून सांगतो. तुला वाटलं मला झेपणार नाही, तर तुझी चूक झाली, एवढंच. दुसरं काही मनात असेल तर तेही फोनवर सांग. मी मध्ये बोलणार नाही. आणि इंग्रिडला विचारून ठेव, तिला कुत्री चालतात का. चालत नसतील तर बटन आणि मी बाहेर पायरीवर बसू. दार तेवढं उघडं ठेवा.

— आई