जावयाची कोंबडी औषधावर आहे

जावईबापू,

मी शेजारच्या शेतात लसूण काढायला गेलेय. भात कुकरमध्ये आहे, किमची फ्रिजमध्ये. खाऊनच बस पकडा.

जावई आला की घरची अंडी देणारी कोंबडी कापायची, हे मी आजवर चुकवलं नाही. पण तिला जंत झालेत, तुरा पांढरा पडलाय. माझी लेक मी-रान गेल्यापासून मी नुसते दाणे टाकत होते, कोंबड्यांकडे बघत नव्हते. तुमच्या दान-बीला सांगा, जंत एवढा लांब निघाला की आजीनं त्याच्यावर चादरी वाळत घातल्यात. तिनं विचारलं तर खरं म्हणायचं.

तशी जंतांची कोंबडीही उकळून खाता येते. आज सकाळी कापणारच होते. पण काल जेवताना तुम्ही म्हणालात, "आई, आता मी-रानच नाही, तर आम्ही येऊन तुम्हाला कशाला त्रास द्यायचा?" मी मान डोलावली आणि भांडी घासायला घेतली. हल्ली मला काही लगेच वाटत नाही, उशिरा वाटतं.

सकाळी उठून सुरी ठेवून दिली आणि कोंबडीला औषध पाजलं. आता महिनाभर तिचं मांस चालणार नाही, अंडीही नाहीत. ती तुमच्या वाटणीची आहे, दुसऱ्या कुणाच्या पानात वाढणार नाही.

महिन्यानं या. दान-बीला आणा.

— तुमची सासू