समोरची फळी आणि पितळी काटे

तीर्थरूप ताईस,

तुझ्या धाकट्या भावाचा होडीच्या केबिनमधून साष्टांग नमस्कार. (साष्टांग हा लिहिण्यापुरता. इथे आठही अंगं एकदम आडवी होत नाहीत, पाय दाराबाहेर राहतात.) तुझा गुडघा काय म्हणतो? भाऊजींचा खोकला थांबला का? आणि तुझ्याकडे आलेल्या पाहुण्या बऱ्या आहेत ना? अर्थात त्यांची चौकशी करायला हे पत्र लिहीत नाहीये, गैरसमज नको. बायको रुसली की माहेरी जाते, अशी जगाची रीत. रुसून नणंदेकडे येणारी भावजय तुझ्याच नशिबी आली, तेव्हा आता सांभाळ. तिची बाजू तू ऐकलीच असशील. माझीही ऐक.

जन्मभर लोकांच्या नाकांवर चष्मे बसवले, शेवटी दुकान पोराच्या हवाली केलं आणि ही होडी घेतली, तेव्हा तुम्ही सगळे पोट धरून हसलात. हसा. होडी कायम काठावरच्या झाडाला बांधलेली असते आणि दोर पुरेल तेवढाच आमचा समुद्र, हेही कबूल. पण ताई, दुपारी पाण्यावरचं ऊन खिडकीतून आत येतं आणि छतावर थरथरत राहतं. खालून पाणी लाकडाला हळूहळू थोपटत असतं, बाळाला थोपटावं तसं. डोळे अर्धवट मिटले की वाटतं, आपण केव्हाच निघालो. काठ मागे पडला, शेजाऱ्यांचा रेडिओ मागे पडला, तुमचं हसणं तर फारच मागे. केबिनमध्ये समोरासमोर दोन फळ्या. एकीवर मी, दुसरीवर ती, गुडघ्याला गुडघा लागलेला, मध्ये चहाचा थर्मास. ती विणत बसायची आणि मान वर न करता मधूनच विचारायची, "कुठवर आलो?" मी म्हणायचो, दीपगृह दिसायला लागलं. ती "बरं" म्हणून पुढचा टाका घालायची. असा आमचा प्रवास उत्तम चालला होता.

पण सुख दुखतं ना माणसाला! जुन्या जहाजांचं सामान विकणाऱ्या एका दुकानात सहज डोकावलो, तर तो दुकानदार मला चक्क "या कप्तान" म्हणाला. झालं. (तुझ्या भावाला आजवर कुणी "या" सुद्धा धड म्हटलेलं नाही.) बाहेर पडलो तेव्हा हातात पितळी होकायंत्र, ठणठण टोले देणारं पितळी घड्याळ, होडी कुठल्या बाजूला किती कलली ते दाखवणारा पितळी काटा, आणि जेवणाच्या ताटाएवढा पितळी बॅरोमीटर. हवा बिघडणार की सुधारणार ते हा बॅरोमीटर आधी सांगतो, असं म्हणतात. होकायंत्र मी घरच्या डब्यातले लोखंडी स्क्रू मारून बसवलं, त्यामुळे आमची उत्तर दिशा त्या स्क्रूंच्या नादी लागली. सूर्य उत्तरेला मावळताना पाहिलेलं जगात आमचं एकच जोडपं असेल. तेव्हाही तिनं नुसता चष्मा पुसला.

बॅरोमीटरला जागा उरली ती फक्त तिच्या फळीमागच्या भिंतीवर. डोक्याला लागू नये म्हणून मी स्वतः तिच्या जागी बसून माप घेतलं, चांगलं चार बोटं वर खूण केली. आता ती माझ्यापेक्षा उंच आहे, ही गोष्ट मी लग्नापासून मान्य केलेली नाही, त्याला कोण काय करणार? ती आली, बसली, थर्मास घ्यायला वाकली आणि सरळ होताना मागे डोकं आपटलं. टण्णकन आवाज झाला. आणि ताई, मी आधी काटा पाहिला. हलला का ते. (जाणकार लोक काटा मोकळा करायला बॅरोमीटरवर टिचकी मारतात, तेव्हा एका परीनं बरंच झालं, असंही माझ्या तोंडून निघून गेलं.) तिनं थर्मासचं झाकण घट्ट लावलं, विणकाम पिशवीत भरलं आणि काठावर उतरली. पुढचं तुला ठाऊकच आहे.

तेव्हा तिनं खुशाल राहावं. माझं इथे झकास चाललंय. घड्याळ टोले देतं, पितळ चमकतं, चहा सगळा मलाच.

भाऊजींना नमस्कार, पोरांना पाठीत एकेक प्रेमळ धपाटा.

तुझा,
बांधलेल्या होडीचा कप्तान

ता. क. घड्याळ बाजूला सरकवून बॅरोमीटर माझ्या मागे लावलाय. काल माझंच डोकं आपटलं. चांगलं टेंगूळ आलं. तिचं किती मोठं होतं कोण जाणे, मी पाहिलंच नव्हतं. दुखतं गं फार.

ता. क. दुसरा. झकास वगैरे काही चाललेलं नाही. मी एकटा बसलो की होडी माझ्या बाजूला कलते आणि तो पितळी काटा दिवसभर तेच दाखवत राहतो. "कुठवर आलो" असं विचारणारं कुणी नाही, त्यामुळे होडी हल्ली कुठेच जात नाही. डोळे मिटले तरी झाड तिथेच. पत्र इथपर्यंत मोठ्यानं वाच, ती आतल्या खोलीत असली तरी ऐकू जाईल असं. समोरची भिंत रिकामी आहे म्हणावं, तिथे उशी लावलीय.

ता. क. तिसरा. हे मात्र मनातल्या मनात वाच. काटा मध्यावर यावा म्हणून परवा तिच्या फळीवर वाळूचं पोतं ठेवून पाहिलं. एकानं भागलं नाही, दोन लागली. हे तिला कळलं, तर ती तुझ्याकडेच राहील.