उद्घाटनाआधीच बऱ्या झालेल्या हिरड्या

रायपूर, १८ सप्टेंबर २००३

तीर्थस्वरूप देवदत्तमामांना क्षमाचा साष्टांग नमस्कार.

गुडघा कसा आहे? मामीला विचारलं तर ती "तसाच" म्हणते, तुम्हाला विचारलं तर तुम्ही नागपूरचं ऊन सांगता, म्हणून लेखी विचारते. मी बरी आहे. राजधानी नवी, खातं नवं, माझी दातांच्या डॉक्टरची नोकरीही नवी. जुन्या फक्त खुर्च्या, आणि त्यांवरची माणसं.

जुलैत मला बीरगावच्या प्राथमिक शाळेत पाठवलं. सगळी कारखान्यातल्या मजुरांची मुलं. तिसरीच्या एक्केचाळीस पोट्ट्यांची तोंडं तपासली, तर छत्तीस जणांच्या हिरड्या सुजलेल्या. (घरच्या बायकांचं पाहून ही आठ वर्षांची मुलंही दातांना गुडाखू घासतात. गुडाखू म्हणजे तंबाखू आणि गुळाचा काळा लगदा. तुम्ही तपकीर ओढता, तेव्हा नाक मुरडू नका.) मी खात्यातून ब्रश मिळवले, प्रत्येकावर नाव चिकटवलं आणि जेवणानंतर हातपंपाशी रांग लावली. तिसऱ्याच दिवशी फुलमत नावाच्या मुलीची आई भांडायला हजर. "दीदी, तोर ब्रश ले लहू निकलत हे!" रक्त ब्रशचं नाही, सुजलेल्या हिरडीचं आहे, हलक्या हातानं घासत राहिलं की थांबेल, हे मी तीनदा सांगितलं. तिला पटलं नाही. फुलमत मात्र दुसऱ्या दिवशी रांगेत पहिली उभी. बाराव्या दिवशी रक्त थांबलं आणि तीच आई स्वतःसाठी ब्रश मागायला आली. मामा, पदवी मिळाली तेव्हाही मी एवढी फुगले नव्हते.

हे आमच्या गंगाधरसाहेबांच्या कानावर गेलं. (अमरावतीचे आहेत, म्हणून मला आपले वाटले होते.) "मॅडम, ब्रशवाटपाचं उद्घाटन व्हायचं हाये अन् तुम्ही काहून चालू करून राहिल्या? मग फीत कशाची कापाची?" ब्रश परत जमा झाले. वापरलेले आहेत म्हटलं, तर "धुवून घ्या ना" म्हणाले. उद्घाटनाच्या पाहुण्यांची तारीख मिळायला सहा आठवडे गेले. तेवढ्यात मुलं पुन्हा गुडाखूवर आली.

समारंभात तेच ब्रश, नावं खरवडून, लाल फीत बांधून वाटले. कोणाच्या तोंडातला कोणाच्या हाती, देव जाणे. पाहुण्यांनी फोटोसाठी फुलमतला हसायला सांगितलं, तिच्या सुजलेल्या हिरड्या पाहिल्या आणि माइकवर म्हणाले, "देखिए, कितने लाल, कितने स्वस्थ मसूड़े!" टाळ्या पडल्या. गंगाधरसाहेबांनी सगळ्यांत जोरात वाजवल्या.

मी उठले, एकेका मुलाच्या हातातून ब्रश काढून घेतला आणि एक्केचाळीसच्या एक्केचाळीस शाळेच्या चुलीत टाकले. धुरानं पाहुणे खोकत गाडीत बसले. मला नोटीस आली आहे: बालकांना दंतआरोग्यापासून वंचित ठेवल्याबद्दल. शाळेत पाऊल टाकायलाही मनाई आहे.

मामीला नमस्कार.

तुमची भाची,
क्षमा

ता. क. नोटिशीची नक्कल सोबत आहे. तुम्ही तीस वर्षं रेल्वेत हेडक्लार्क होता, उत्तर तुम्हीच लिहून पाठवा.

आणखी एक ता. क. उत्तर म्हणजे माफीनामा. तुम्ही चिडाल, पण माफी मागितल्याशिवाय शाळेचं फाटक उघडणार नाही. फुलमतला मी पंडरीच्या बाजारातून ब्रश आणून दिला, पण बाकीचे चाळीस आहेत. पुन्हा असं करणार नाही, असं दोनदा घाला. जरा लाचारच लिहा.