अभिनंदनाचा फोन

दि. ४ जून

चि. बडबडीस, मावशीचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या बँकेची गरिबांसाठीची बचतयोजना आमच्या धुलाईखान्यात पोचली बरं का! पासबुक नाही, कागद नाही, सगळं फोनवर. तुझ्या काकांना घरात काही सापडायला नको. मागच्या खेपेला त्यांनी पिठाच्या डब्यातले पैसे काढून दोन दिवसांत उडवले, ते तुला ठाऊक आहेच.

डॉक्टर म्हणाले, काचबिंदूने डावा डोळा गेलाच. उजव्याचं ऑपरेशन थंडीच्या आत झालं तर तो वाचेल. म्हणून दर आठवड्याला थोडं टाकते आहे. पण तुझ्या योजनेतली अक्षरं मुंगीएवढी! एवढी शिकलीस, तर तिला बोलायला शिकव की. लहानपणी तुझी टकळी कुठे थांबायची?

तुझी वाट पाहणारी,
मावशी

दि. २० जुलै

ती. मावशीस, शि. सा. न. वि. वि.

तुझा टोमणा मीटिंगमध्ये वाचून दाखवला. साहेब हसले, पण त्यांना पटलं. आता ठरवलेली रक्कम पुरी झाली की फोन वाजेल आणि अभिनंदन होईल. आवाज कुणाचा, ओळख! बाहेरची बाई महाग पडत होती, म्हणून मीच घसा साफ करून बसले. ऑफिसातल्या प्रत्येकाच्या फोनवर वाजवून पाहिलं, सगळे खूश.

मी पैसे देते म्हटलं की तू फणकारतेस. निदान ऑपरेशनला तरी येऊ दे.

तुझी लाडावलेली,
बडबडी

दि. ९ ऑक्टोबर

ती. मावशीस, शि. सा. न. वि. वि.

दोन पत्रांना उत्तर नाही, म्हणून नियम मोडून तुझं खातं पाहिलं. सगळी रक्कम काढलीस! म्हणजे ऑपरेशन झालं आणि मला कळवलंसुद्धा नाहीस? मी रुसले आहे. नव्या शाखांच्या कामातून सुटले की येतेच. पट्टी निघाली की दोन ओळी लिही.

तुझी,
बडबडी

दि. ११ डिसेंबर

चि. बडबडीस, अनेक आशीर्वाद.

अक्षर शेजारच्या शिंपीणबाईचं आहे, मजकूर माझा.

आमच्या घरात फोन एकच, हे सांगायचं मला सुचलं नाही आणि विचारायचं तुला. दिवसा तो माझ्याकडे असतो, संध्याकाळी यांच्याकडे. सप्टेंबरात जेवताना वाजला. यांनी कानाला लावला, मग मलाही ऐकू येईल असा मोठा केला. तू माझं अभिनंदन केलंस, रकमेसकट. पुन्हा ऐकायचं असेल तर एक दाबा, म्हणालीस. यांनी चार वेळा दाबलं. दुसऱ्या दिवशी मला दंडाला धरून शाखेत नेलं. मी सही केली.

तुला कळवलं असतं तर तू पैसे घेऊन धावत आली असतीस आणि कारण विचारलं असतंस. ते सांगायला जीभ रेटेना. चूक माझीच. आता उजवाही गेला. धुलाईखान्याने रजा दिली, कायमची. पैसे पाठवू नकोस, डॉक्टरांकडे त्याचा उपयोग उरलेला नाही.

योजना मात्र मोडू नकोस. ही शिंपीणबाईही तुझ्याकडेच टाकते, मुलीला घेऊन वेगळं राहण्यासाठी. तिच्याही घरी फोन एकच आहे. तिची रक्कम या महिनाअखेरीस पुरी होते. त्याआधी तेवढा तुझा आवाज बंद कर.

माझा लोभ होता तितकाच आहे.

मावशी